पंचेचाळीस डिग्रीतलं ओव्हरक्लॉकिंग

आजचा भाग डेस्कटॉप कॉम्प्युटरवर आहे, पण तुमच्यापैकी बहुतेक जण हे मोबाईलवर ऐकताय, म्हणून सुरुवात मोबाईलपासूनच करू. मे महिन्यात यवतमाळमध्ये दुपारी दोन वाजता गाडीच्या होल्डरला फोन लावून मॅप चालू ठेवा. थोड्याच वेळात स्क्रीन मंद होते, फोन अडखळायला लागतो, चार्जिंग थांबतं. फोन बिघडलेला नसतो. आतली चिप तापली म्हणून तिने स्वतःला आवरतं घेतलेलं असतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे याच्या बरोबर उलट. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा चिपला जास्त वेगाने पळवायचं. यूट्यूबवर त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. बायोसमध्ये जा, हा आकडा वाढवा, तो व्होल्टेज वाढवा, झालं. फक्त व्हिडिओ बनवणारा माणूस एसीत बसलेला असतो, आणि आपण वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी अशा ठिकाणी बसलेलो असतो, जिथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज जातो. त्याचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे चालत नाहीत. का चालत नाहीत आणि मग आपण काय करायचं, एवढंच आज बोलायचंय.

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला. ३०० मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डचा बस स्पीड ६६ वरून १०० केला की हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा, आणि बहुतेक वेळा न कुरकुरता. दीडपट वेग, फुकटात! त्यानंतर दोनेक वर्षांनी एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरवर लोक चक्क शिसपेन्सिल चालवायचे. चिपवर तुटक ठेवलेले बारीक जोड असायचे, ते पेन्सिलीच्या ग्रॅफाइटने जोडले की गुणक मोकळा व्हायचा. शाळेतल्या पेन्सिलीने प्रोसेसर वेगवान होतो, हे ऐकून मला आजही भारी वाटतं.

पण ते दिवस गेले. तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच ताकद शिल्लक ठेवून विकायच्या. आता तसं राहिलेलं नाही. आजचा प्रोसेसर कारखान्यातूनच स्वतःला ओव्हरक्लॉक करत येतो, त्याला बूस्ट म्हणतात. तापमान आणि वीज यांचा हिशोब बघून तो क्षणाक्षणाला वेग वरखाली करतो. त्यात तुम्ही हाताने घालू शकाल अशी भर फार थोडी उरते.

एक तुलना सांगतो. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. ४ गिगाहर्ट्झचा मॉडेल इंटेलने जाहीर करून नंतर रद्द केला, आणि त्यामागे मोठी अडचण उष्णतेचीच होती. २०२१ मध्ये आलेला रायझन ५ ५६००जी बूस्टमध्ये जातो ४.४ पर्यंत. सतरा वर्षांत एवढीच वाढ. तरी तो पेंटियमपेक्षा कितीतरी पटीने वेगवान आहे, कारण त्यात सहा कोअर आहेत, आणि प्रत्येक कोअर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. अकोला जिल्ह्यातले विजय भटकर आणि त्यांच्या सी-डॅकच्या टीमने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० उभा केला, तोही याच वाटेने. एका चिपला पळवून पळवून दमवण्याऐवजी साध्या चिप बऱ्याच जोडायच्या आणि काम वाटून द्यायचं. असो, हा माझा आवडता विषय आहे, थांबतो.

आता उष्णतेचा हिशोब. बारावीचं फिजिक्स पुरतं. चिप जी उष्णता फेकते ती ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा प्रोसेसर १.२० व्होल्टवर ४.२ गिगाहर्ट्झ पळतोय. तुम्हाला ४.५ हवेत, त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला सात टक्के. उष्णता? १.३५ भागिले १.२०, त्याचा वर्ग, गुणिले वेगाची वाढ. उत्तर येतं जवळपास ३६ टक्के. सात टक्क्यांसाठी छत्तीस टक्के. हा सौदा पुण्यात एसी लावून कुणी केला तर करू दे.

दुसरा हिशोब खोलीच्या तापमानाचा. ५६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. खोली २२ अंशांची असेल तर चिप आणि हवा यांच्यात ७३ अंशांची जागा आहे. आपल्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४२ असेल तर उरली ५३. हीटसिंक किती उष्णता बाहेर फेकणार हे याच फरकावर ठरतं. म्हणजे तोच पंखा, तीच थर्मल पेस्ट, तोच प्रोसेसर, पण उष्णता फेकायची ताकद सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी. काहीही न करता, फक्त उन्हाळा आला म्हणून.

हे दोन्ही हिशोब एकत्र ठेवा. ओव्हरक्लॉक करून छत्तीस टक्के उष्णता वाढवली आणि ती फेकायची क्षमता पाव हिश्शाने घटली. परिणाम काय? चिप ९५ ला टेकते, थ्रॉटल होते, आणि तुमचे ४.५ गिगाहर्ट्झ मूळच्या ४.२ च्याही खाली येतात. आकडा बायोसमध्ये दिसतो, कामात दिसत नाही.

मग आपल्याकडे वेग वाढवायचाच नाही का? वाढवायचा. फक्त चुकीच्या जागी शोधायचा नाही. इथे माझ्या मामेभावाची गोष्ट सांगतो.

तो दारव्ह्याला राहतो, लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि एडिट करतो. कापसाचे पैसे आले तेव्हा मामाने त्याला पीसी घेऊन दिला. रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. महिन्याभरात त्याचा फोन: "दादा, पीसी नवा घेतला, पण टाइमलाइन ओढली की अडकते काहून? ओव्हरक्लॉक करून दे न." मी म्हटलं, आधी कॅबिनेट उघड आणि फोटो पाठव.

फोटोत दोन्ही रॅम प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी. पीसी जोडून देणाऱ्याने घाईत लावल्या असतील. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर हे दोन स्लॉट एकाच चॅनेलचे असतात. रस्ता दोन पदरी आहे आणि सगळी वाहतूक एकाच पदरातून चाललीय, तसं. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या की दोन्ही पदर सुरू होतात.

दुसरी गंमत. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलं होतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघायला सांगितली, तर तिथे २४००. पैसे ३२०० चे दिले, चालतेय २४०० वर! ही फसवणूक नसते, बरं का. खोक्यावरचा वेग बऱ्याचदा एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये नोंदलेला असतो. इंटेलने ही पद्धत २००७ मध्ये आणली. बोर्ड सुरू होताना सुरक्षित म्हणून कमी वेग घेतो, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी आपण चालू करायचं असतं. डीडीआर५ वाल्या रायझनमध्ये याच सोयीला एक्सपो म्हणतात. काही ३२०० च्या रॅम एक्सएमपीशिवायही ३२०० वर चालतात, त्यांचं टायमिंग सैल असतं. म्हणून अंदाज बांधू नका, टास्क मॅनेजर बघा. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये आकडा निम्मा दिसतो, म्हणजे ३२०० चा १६००. तिथे घाबरू नका, डीडीआर मधला पहिला डी म्हणजे डबल.

आता फरक मोजू. एका चॅनेलवर २४०० म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. दोन चॅनेलवर ३२०० म्हणजे ५१.२ जीबी. अडीचपटीहून जास्त. आणि ५६००जी मधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, ते याच रॅममधून पाणी भरतं. त्यामुळे अशा प्रोसेसरवर गेम असो की व्हिडिओ, रॅमचा फरक लगेच जाणवतो. एक पैसा खर्च नाही. स्लॉट बदलले, एक्सएमपी चालू केलं, आणि भावाचा पुढचा फोन आला तो टाइमलाइन अडकत नाही हे सांगायलाच.

लेटन्सीचाही हिशोब सोपा आहे. सीएलचा आकडा गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग, उत्तर नॅनोसेकंदात. २४०० आणि सीएल १७ म्हणजे १४ नॅनोसेकंद. ३२०० आणि सीएल १६ म्हणजे १०. ३६०० आणि सीएल १८? तेही १०. दुकानात ३६०० साठी जास्त पैसे मागितले तर हे गणित आधी करा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एकदा वेगाची चव लागली की पोट्टं थांबत नाही. थंडीत त्याने स्वतःच रॅम ३८०० वर नेली. व्होल्टेज थोडं वाढवलं, टायमिंग आवळलं. मेमटेस्ट८६ रात्रभर लावलं, चारही फेऱ्या पास. मला स्क्रीनचा फोटो पाठवला, सोबत हसरी इमोजी. घड्याळ लावून बघितलं तर एक्सपोर्टच्या वेळेत ३२०० च्या तुलनेत जेमतेम दिसेल एवढा फरक होता. पण ३८०० आकडा मोठा दिसतो ना.

एप्रिलच्या शेवटी त्याच्याकडे लग्नाची गर्दी सुरू झाली. एका लग्नाचं फुटेज कार्डमधून पीसीवर कॉपी केलं, तर हळदीच्या एका क्लिपमध्ये मधेच हिरवे चौकोन. कॅमेऱ्यात तीच क्लिप स्वच्छ. पुन्हा कॉपी केली, या वेळी नीट आली. त्याला वाटलं कार्ड रीडर खराब आहे. नशीब, त्याने कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं.

मी तेव्हा सुट्टीत आलो होतो. म्हटलं, मेमटेस्ट पुन्हा लाव, पण रात्री नाही, दुपारी बाराला. कूलर बंद ठेव. तिसऱ्या फेरीत लाल ओळी यायला लागल्या. जानेवारीत पास झालेली तीच सेटिंग.

असं का होतं ते समजून घ्या, कारण हे कुठल्याच ओव्हरक्लॉकिंगच्या व्हिडिओत मला नीट सांगितलेलं दिसलं नाही. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक इवलासा साठा. आपल्या माठासारखा, तो सतत पाझरतो. म्हणून रॅम ठरावीक वेळाने सगळे माठ पुन्हा भरत राहते. डीडीआर४ मध्ये साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत सगळ्यांची एक पाळी होते. तापमान वाढलं की पाझर वाढतो. चिपच ८५ अंशांपलीकडे गेली तर नियमाप्रमाणे दुप्पट वेळा भरावं लागतं. तुम्ही टायमिंग आवळता तेव्हा या भरण्यासाठी दिलेला वेळही बहुधा कापलेला असतो. थंडीत तेवढ्या वेळात भागतं. उन्हाळ्यात एखादा माठ अर्धा राहतो, आणि एकचा शून्य होतो.

आणि हा शून्य ओरडून सांगत नाही. प्रोसेसर कोलमडला तर निळी स्क्रीन येते, तुम्हाला कळतं. रॅमची एक चूक गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कोण बघतं? पण कुणाची हळद पुन्हा होत नाही. तुमच्या पीसीवर लग्नाचं फुटेज असेल, कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, बाबांच्या दुकानाचे हिशोब असतील, तर ओव्हरक्लॉक केलेल्या रॅमची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी घ्या. डिसेंबरात पास झालेली रॅम आपल्या जिल्ह्यात पास धरायची नाही. भावाने रॅम परत ३२०० वर आणली. त्याच दुपारी पुन्हा टेस्ट, चारही फेऱ्या स्वच्छ.

प्रोसेसरचं मात्र आम्ही वेगळंच केलं. ओव्हरक्लॉक नाही, अंडरव्होल्ट. मगाचा वर्गाचा नियम आता उलटा वापरायचा. त्याच वेगाला १.३० च्या जागी १.२० व्होल्ट पुरले तर उष्णता जवळपास १५ टक्क्यांनी उतरते. कंपनी लाखो चिप विकते, त्यातली कमजोर चिपही चालली पाहिजे म्हणून व्होल्टेज थोडं हात सैल ठेवूनच दिलेलं असतं. तुमची चिप बरी निघाली तर ते जास्तीचं काढून घेता येतं. रायझन ५००० पासून बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, त्यात निगेटिव्ह आकडा द्यायचा. उणे दहापासून सुरुवात करा, हळूहळू खाली जा. उन्हाळ्यात गंमत अशी होते की चिप कमी तापते, त्यामुळे बूस्ट जास्त वेळ टिकतो, आणि व्होल्टेज कमी करूनही काम लवकर होतं. एक लक्षात ठेवा, अंडरव्होल्ट जास्त झालं तर पीसी भर कामात कोलमडेलच असं नाही. बऱ्याचदा तो निवांत असताना, ब्राउझर उघडताना वगैरे रीस्टार्ट होतो. म्हणून नुसती सिनेबेंच लावून पास म्हणू नका, चार दिवस रोजचं काम करून बघा. एवढंही नको असेल तर इको मोड चालू करा, ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅटच्या हिशोबाने चालतो.

व्होल्टेजच्या बाबतीत मी भित्रा आहे आणि राहणार. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः ७८००एक्स३डी, एक्सपो चालू केल्यावर जळाले. बोर्ड एसओसीला जास्त व्होल्टेज देत होते. शेवटी एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले. तिथेही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज निघालं, इंटेलने मायक्रोकोड बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कारखान्यातल्या माणसांचाही अंदाज चुकतो, मग यूट्यूबवरचा आकडा डोळे झाकून कशाला टाकायचा? आणि वॉरंटी हा शब्द निघालाच आहे तर, एएमडी एक्सपोलासुद्धा ओव्हरक्लॉकिंगच मानते. कागद वाचून घ्या.

खरेदी करणाऱ्यांसाठी पटकन. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेलेच प्रोसेसर आणि झेड मालिकेचे बोर्ड असतील तर प्रोसेसरचा गुणक वाढवता येतो. रॅमचा वेग मात्र बी५६० पासून बी मालिकेतही वाढवता येतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण ए३२० आणि ए५२० बोर्ड प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. माझं मत विचाराल तर के आणि झेडसाठी जे जास्तीचे पैसे लागतात ते आपल्याकडे चांगल्या हीटसिंकवर, दोन जास्तीच्या कॅबिनेट पंख्यांवर आणि यूपीएसवर घाला. यूपीएस कशाला, ते बायोस अपडेट करताना लाईट गेली की कळतं.

आणि पीसी साफ करा. दिवाळीपासून पुढे ज्यांच्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो, त्यांनी एकदा हीटसिंक काढून बघावा. पातींमध्ये पांढऱ्या तंतूंची गोधडीच विणलेली असते. वणीकडच्या मित्राच्या पीसीतून तीच गोधडी काळी निघाली, कोळशाची. ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली की ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त फायदा होतो, हे मी पैज लावून सांगतो. पंखा बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने भन्नाट फिरवू नका. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. कूलरची हवा पीसीला चालते का, असं बरेच जण विचारतात. चालते, कोरड्या उन्हाळ्यात त्या हवेने खोली चांगलीच उतरते. पण कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. तुषार आणि खारं पाणी आत जातं आणि बोर्डावर पांढरा थर बसतो. बाजूला, चार-पाच फूट दूर, आणि खिडकी थोडी उघडी.

पुढच्या भागात एसएसडीवर बोलू. तोवर ज्यांच्याकडे पीसी आहे त्यांनी टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. त्यात तीन गोष्टी सांगा: रॅमवर लिहिलेला आकडा, स्क्रीनवर दिसणारा आकडा, आणि त्या वेळी खोलीत किती डिग्री होतं.